कर्जासाठी प्रार्थना करा, पण बिलही उघडा



आपल्या प्रार्थनासभेत हल्ली एक विनंती वरचेवर येते: कर्जातून सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करा. आपण डोळे मिटतो, आमेन म्हणतो आणि घरी जातो. मला हे पटत नाही.

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचा. शेतं, द्राक्षमळे गहाण पडले होते, लेकरं दास्यात गेली होती. नहेम्या नुसता प्रार्थना करून थांबला नाही. तो संतापला, त्याने सभा बोलावली आणि जमिनी व घेतलेला शंभरावा भाग परत करायला लावला.

शंभरावा भाग! क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर आज महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज सहज लागतं. ५०,००० रुपये बाकी असतील तर महिन्याचं व्याज १,७५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. 'मिनिमम ड्यू' म्हणून २,५०० भरले, तर मुद्दलातून फिटले फक्त ४३५. शिवाय सगळी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. आपल्या बोथमध्ये कापसाचे पैसे हंगामालाच हातात येतात, बिल मात्र दर महिन्याला येतं.

"उधळपट्टी केली, आता भोगा," असं म्हणणारे आपल्यातच आहेत. दवाखाना, मुलांची फी ही उधळपट्टी आहे का? आणि नाताळला कोणी जुन्या कपड्यांत आलं, तर कुजबुजतं कोण? आपणच ना? नहेम्याने दोष देताना स्वतःलाही वगळलं नव्हतं.

म्हणून स्पष्ट सांगतो. कार्ड कपाटात ठेवा, नवी खरेदी बंद करा. बँकेकडे कमी व्याजाचे हप्ते मागा. अनेक कर्जं असतील तर सगळ्यांचे हप्ते सांभाळून, उरलेला पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जात घाला. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे लक्षात ठेवा. आणि कार्डावर पैसे काढून दशांश देऊ नका. व्याजाने काढलेलं दान देवाने मागितलेलं नाही.

पुढच्या सभेत अशी विनंती आली, तर आमेननंतर अर्धा तास थांबू या. ज्याला लाज वाटते त्याच्या घरी जाऊ. बिल तुम्ही आणा, वही-पेन मी आणतो. एकमेकांची ओझी वाहायची, ती अशीच.