आधी दिसायला तर हवा!

'आर्मगेडन' पिक्चर होस्टेलमध्ये बहुतेकांनी बघितला असेलच. लघुग्रह पृथ्वीवर आदळणार, मग ब्रूस विलिस यानातून जातो आणि बॉम्बने त्याचे तुकडे करतो. टाळ्या! पण मित्रांनो, लघुग्रह वेळेवर दिसलाच नाही तर हीरो करणार काय?

15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे 20 मीटरचा दगड हवेतच फुटला. फुटलेल्या काचांमुळे जवळजवळ दीड हजार माणसं जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आला, त्यामुळे एकाही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता.

शोधायचं काम तसं बोअरिंगच. आकाशाच्या एकाच भागाचे थोड्या थोड्या वेळाने तीन-चार फोटो घ्यायचे. तारे जागच्या जागी राहतात, जो ठिपका सरकतो त्याच्या मागे लागायचं. ॲरिझोना, हवाई, चिली इथे रात्रीमागून रात्री हेच चालतं. 27 डिसेंबर 2024 ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला '2024 वायआर4' असाच सापडला. 2032 साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी 2025 मध्ये 3 टक्क्यांवर गेली, आणि संभाव्य पट्ट्यात दक्षिण आशियाही होता! आणखी निरीक्षणं मिळाल्यावर ती भीती गेली. म्हणजे घाबरवलं दुर्बिणींनी आणि सोडवलंही त्यांनीच.

2022 मध्ये नासाने डार्ट यान डायमॉर्फसवर आपटून त्याच्या प्रदक्षिणेचा वेळ 32 मिनिटांनी कमी केला. धक्का देता येतो, हे सिद्ध झालं. पण त्यासाठी हाताशी काही वर्षं हवीत. आदल्या दिवशी कळून काय उपयोग? आणि 140 मीटरहून मोठे निम्म्यापेक्षा जास्त लघुग्रह अजून सापडायचेच आहेत.

लडाखमध्ये हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 70 सेंटीमीटरची दुर्बीण आहे. ती लघुग्रहही टिपते, पण तिच्यामागे इतर कामं बरीच. मग फक्त लघुग्रह शोधणारी एक दुर्बीण आपण का उभारू नये? ॲरिझोनात उजाडतं तेव्हा आपल्याकडे रात्र सुरू होते. धोका सगळ्यांचा आणि पहारा मात्र दुसऱ्यांचा, हे मला पटत नाही.

यात मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सगळ्यांना काम आहे. दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा, चार फोटोंतला सरकणारा ठिपका ओळखणारा प्रोग्राम लिहून बघा ना!