अभ्यास आमच्यावर, मग कुलूप कशाला?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळानं ठरवलं, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत. त्याऐवजी तासभर आरोग्यावर बोलायचं. विषय निघाला गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा आणि बोलायची जबाबदारी आली माझ्यावर. मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाशी संबंध दहावीपुरताच. तरी बचत गटाच्या निमित्तानं दवाखान्यात उठबस असते, म्हणून बायका मलाच पुढं करतात.

बोलणं बरं झालं. तीस वर्षांपुढच्या बाईनं तपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती होते, व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पातळ करून गर्भाशयाच्या तोंडाला लावतात, खराब भाग पांढरा दिसू लागतो, वगैरे सगळं सांगितलं. तिळगूळ हातात घेऊन बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, पण ही तपासणी करणार कोण? नर्सच ना? डॉक्टर नाही, यंत्र नाही. त्यानं बाई वाचते हे कुणी बघितलंय का, का आपलं सांगायचं म्हणून सांगायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं. "बघून सांगते काकू," म्हणाले आणि घरी आले.

रात्री जेवणं आटोपल्यावर मुलाला संगणकावर बसवलं. पहिलाच लेख मिळाला तो आपल्याच देशात, सरकारी संस्थेत झालेल्या एका अभ्यासाचा. वर दहा-बारा ओळींचा सारांश, खाली कुलपाचं चित्र. पूर्ण वाचायचं असेल तर ३५ डॉलर भरा. म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये, एका लेखाचे, आणि तेही वाचून झाल्यावर कळणार की आपल्या कामाचा होता की नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, सोड ना." मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "तुम्ही वाचून काय करणार ताई? उगाच घाबराल." घाबरण्याचं म्हणाल तर न वाचताच आम्ही जास्त घाबरतो, हे त्यांना कुणी सांगावं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं तेव्हा एक लेख पूर्ण उघडला. कुलूप नाही, पैसे नाहीत, नाव-गाव विचारणं नाही. आणि तो होता चक्क मुंबईचा. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये हा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हीच आम्लाची तपासणी केली. आणि तपासणी करणाऱ्या कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या साध्या बायका. काकूंचा प्रश्न जणू कुणीतरी आधीच ऐकला होता. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी.

पुढं वाचलं तेव्हा मात्र थबकले. उरलेल्या दहा गटांतल्या बायकांना सुरुवातीला एकदा आरोग्याची माहिती दिली, पण तपासणी केली नाही, तुलनेसाठी. ७६ हजारांहून जास्त बायका. हे नैतिकदृष्ट्या योग्य होतं का, यावर पुढं बराच वाद झाला. तो मुंबईहूनच निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या नियतकालिकात आहे आणि तोही फुकट वाचता येतो. मला त्यातली प्रत्येक बाजू समजली असं नाही. पण वाद आहे हे समजलं, आणि कुणाच्या जिवावर ही माहिती मिळाली आहे हेही.

आता मुद्द्याचं. एक लेख कुलपात आणि दुसरा उघडा, हे कसं?

मुंबईच्या त्या अभ्यासाचा खर्च अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं, म्हणजे तिथल्या करदात्यांनी उचलला होता. आणि त्या देशात तेव्हा कायदा झालेला होता. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या म्हणजे एनआयएचच्या पैशानं संशोधन केलं, तर छापून आलेल्या लेखाची एक प्रत 'पबमेड सेंट्रल' या सरकारी संग्रहात ठेवायची, कुणीही यावं आणि वाचावं. २००५ मध्ये ही नुसती विनंती होती, ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. मग २००८ पासून सक्ती झाली, छापल्यापासून बारा महिन्यांच्या आत. आणि १ जुलै २०२५ पासून ती बारा महिन्यांची सवलतही गेली. लेख छापला त्याच दिवशी सगळ्यांना खुला.

हे आपोआप झालं नाही. त्यामागं अनेकांनी आवाज उठवला आणि त्यात आजारी मुलांचे आईबापही होते. त्यातल्या शॅरन टेरी या आईबद्दल वाचलं आणि ती मला फार जवळची वाटली. शिक्षण धर्मशास्त्राचं, विज्ञानाचा गंध नाही. १९९४ मध्ये तिच्या दोन लहान मुलांना त्वचेचा आणि डोळ्यांचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असल्याचं निदान झालं. पुढं नजर जाऊ शकते, एवढंच समजलं. काही दिवसांच्या अंतरानं दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी मुलांचं रक्त मागितलं. ते एकमेकांना नमुने द्यायला तयार नव्हते, म्हणून त्या लेकरांना दोनदा सुई! मग ही बाई नवऱ्याला घेऊन वैद्यकीय ग्रंथालयात गेली, त्या आजारावर जे काही छापलं होतं त्याच्या प्रती काढल्या आणि शब्दकोश शेजारी ठेवून एकेक वाक्य लावत बसली. पुढं दोघांनी रुग्णांची संघटना उभी केली आणि २००० मध्ये त्या आजाराचा जनुक सापडला, त्या शोधात तिचाही हात होता. 'तुम्ही वाचून काय करणार' याला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

आपल्याकडे काय? काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं नियतकालिक १९१३ पासून निघतं आणि आज ते कुणालाही फुकट वाचता येतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' या शतकाच्या सुरुवातीलाच इंटरनेटवर खुलं झालं. फुकट ठेवल्यावर मासिक बुडेल अशी भीती असते ना, इथं उलट झालं. जगभरातले संशोधक त्यातल्या लेखांचा जास्त दाखला देऊ लागले. २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन विभागांनी धोरणही केलं, की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत खुल्या संग्रहात ठेवा. आणि २००७ मध्ये तर आयसीएमआरनं 'कॉक्रेन लायब्ररी', म्हणजे कोणता उपचार खरंच उपयोगी याचे पुरावे तपासणारा मोठा संग्रह, देशातल्या प्रत्येक नागरिकासाठी खुला करून दिला होता. प्राध्यापक असा, विद्यार्थी असा की माझ्यासारखी गृहिणी, फक्त इंटरनेट हवं. म्हणजे हे जमतं.

म्हणूनच नंतरच्या योजनेबद्दल मनात थोडी खंत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. २०२५ पासून सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्था अशा सुमारे ६,३०० ठिकाणी ती वाचता येऊ लागली. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आज मुंबईच्या मुलीइतकंच वाचायला मिळतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नावात 'नेशन' असलं तरी दार उघडलं ते संस्थांचं. काकूंसाठी नाही, आशाताईंसाठी नाही, माझ्यासाठीही नाही.

आणि हिशेब तरी बघा. संशोधकाचा पगार आपण देतो, प्रयोगशाळा आपली, रक्त-लघवीचे नमुने आपले. लेख लिहिणाऱ्याला प्रकाशक सहसा एक पैसा देत नाही, तपासून देणारे दुसरे शास्त्रज्ञही बहुधा फुकटच काम करतात. आणि छापून आला की तोच लेख आपणच विकत घ्यायचा. आपल्याच विहिरीचं पाणी टँकरवाल्याकडून घेतल्यासारखं! प्रकाशकांनाही खर्च असतो, मान्य. संपादन, छपाई, लेख जपून ठेवणं, हे फुकट होत नाही. काही नियतकालिकं वाचकाऐवजी लेखकाकडून हजारो डॉलर घेतात, तेही आपल्याकडच्या संशोधकाला झेपणारं नाही. म्हणून मला तो प्रत ठेवण्याचा मार्ग पटतो. मासिक त्याचं त्याचं चालू दे, पण ज्याला आपण पैसे दिले त्याची एक प्रत आपल्या सरकारी कपाटात उघडी असू दे. २०१४ चं धोरण तेच म्हणतं. ते कागदावर राहू नये, एवढंच.

हे सांगत होते तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "आपण कुठं गं कर भरतो? आयकर तर साहेबांचा कापतात." अगं, साबण घेतेस, टूथपेस्ट घेतेस, मोबाइलचा रिचार्ज मारतेस, त्या प्रत्येकात जीएसटी आहे. धुणीभांडी करणारी बाईसुद्धा भरते. आपल्याला पावती मिळत नाही, म्हणून आपण दिलंच नाही असं वाटतं.

वन नेशनच्या पुढच्या टप्प्यांत सार्वजनिक वाचनालयांतून सोय करण्याची चर्चा झाली आहे. ती लवकर खरी व्हावी. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, तालुक्या-तालुक्याला वाचनालय आहे. आमच्या वाचनालयात एक संगणक आहे, त्यावर दुपारी मुलं स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतात. तिथं ही सोय आली तर अर्धा तास बायकांचा ठेवा, असं मी ग्रंथपालांना आत्ताच सांगून ठेवलंय. आणि एक मागणी भाषेची. उघडा असलेला लेखही मला मुलाला विचारत विचारत तीन रात्री वाचावा लागला. सरकारी पैशाच्या प्रत्येक आरोग्य अभ्यासाचं एक पान साध्या मराठीत लिहिलं, ज्या गावात अभ्यास झाला तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लावलं, तर किती खर्च येणार आहे?

पूर्ण वाचण्याचा आणखी एक फायदा सांगते. मुंबईच्या त्याच अभ्यासात स्तनांची तपासणीही हातानंच केली होती. त्याचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, तेही खुले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, पण पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. इतकं सरळ, आपल्या गैरसोयीचं धरून कुठली जाहिरात सांगते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा निघाल्या नाहीत. त्यातल्या कितीजणींनी काकूंसारखाच प्रश्न मनात धरून ठेवला असेल!

गेल्या आठवड्यात काकूंकडे गेले. मुंबईच्या लेखाची प्रत काढून नेली होती, महत्त्वाच्या ओळींखाली मराठीत लिहिलेलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. तपासणी न झालेल्या गटाशी आल्या तेव्हा विचारलं, "यांना नंतर सांगितलं का गं?" मी म्हणाले, बघते. मग म्हणाल्या, "दहावी पास बाई करते तर आपली नर्स का नाही करणार? कधी जायचं?" येत्या मंगळवारी उपजिल्हा रुग्णालयात आम्ही नऊ जणी निघालोय. काकूंनी ती प्रत परत दिलेली नाही, सुनेला वाचायला दिली आहे.