टन किती, त्याआधी हात कोणाचे?

"टन किती घ्यायचे रे?"

रात्री साडेअकराला ताईचा फोन आणि पहिलंच वाक्य हे. अर्धवट झोपेत मला वाटलं, बाई एसीचं विचारतेय. म्हटलं, "दीड टन बास झाला गं." तर म्हणे, "दीड टनात काय लाकूड फुटणार, कप्पाळ!"

ताई-जीजू अमेरिकेत व्हरमाँटला असतात. बर्फाच्या वादळात तारा तुटल्या की लाइट गुल, आणि लाइट गुल म्हणजे हीटरही गुल. म्हणून घरात लाकडाची शेगडी. त्यांना एका हिवाळ्याला तीन 'कॉर्ड' सरपण लागतं. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली रास. हे सगळं जीजू कुऱ्हाडीने फोडायचे. मग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कुऱ्हाड भिंतीला लागली. आता हवं होतं हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर, अर्थात लाकूड फोडायचं मशीन. आणि घरातला इंजिनीअर कोण? अस्मादिक!

फंडा सोपा आहे. जेसीबीचा हात ज्या तेलाच्या दाबावर हलतो, त्याच दाबावर इथे एक दट्ट्या ओंडक्याला लोखंडी पाचरीवर रेटतो. ओंडका चरचरत दुभंगतो. आता फोडायचंच कशाला? तर साल आतलं पाणी धरून ठेवते. फोडलेलं लाकूड लवकर वाळतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की ते नीट जळतं. ओलं जाळलं तर धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एक दिवस तोच पेट घेतो.

मग मी आपल्या सवयीप्रमाणे एक्सेल शीट काढली. विजेवरची छोटी मशिन्स पाच ते सात टनांची, किंमत काहीशे डॉलर. पेट्रोलवरची वीस-पंचवीस टनांची, हजाराच्या पुढे. टनांच्या स्टिकरला मात्र भुलू नका, बॉस. सिलिंडरचं क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब, एवढंच ते गणित. चार इंची सिलिंडर आणि 2500 पीएसआय दाब असेल, तर अमेरिकन हिशेबाने जेमतेम पावणेसोळा टन भरतात. स्टिकर काहीही म्हणो!

तरीही मी छातीठोकपणे सांगितलं, मोठंच घ्या. आपल्याकडे फ्रिजपासून फ्लॅटपर्यंत हाच सल्ला देतात, नाही का?

ऑक्टोबरमध्ये सुट्टीवर तिकडे गेलो. ताई म्हणाली, "आधी एक दिवस भाड्याने आणून बघू." आणलं. काय धूड होतं! जीजू लिव्हरवर, ताई ओंडके ठेवणार, मी फोडलेलं रचणार. एकदम असेंब्ली लाइन. तासाभरात ढीग लागला. मजा यायला लागली, गप्पा रंगल्या, आणि तिथेच लोचा झाला. ताई एक वाकडा ओंडका सरळ करत होती. जीजूंना वाटलं, झालं तिचं. त्यांनी लिव्हर ओढला.

ढकलणारी प्लेट आणि ओंडका यांच्यामध्ये तिच्या ग्लोव्हचं टोक सापडलं. हात निसटला. ग्लोव्ह तिथेच राहिला.

कोणी काही बोललं नाही. जीजूंनी इंजिन बंद केलं आणि पायरीवर जाऊन बसले. ताई स्वतःची बोटं बघत उभी होती, पाचही. माझ्या एक्सेल शीटमध्ये टन होते, हॉर्सपॉवर होती, किंमत होती. लिव्हरवर कोण आणि ओंडक्यावर कोण, हा कॉलमच नव्हता.

नंतर मॅन्युअल नीट वाचलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ओंडका ठेवणारा आणि लिव्हर ओढणारा माणूस एकच हवा. दोन माणसं मिळून काम पटकन होतं, पण एकाचा हात कुठे आहे हे दुसऱ्याला कळत नाही. अजून एक गोष्ट तिथेच कळली. नळी गळतेय का, हे हात फिरवून कधीच बघायचं नाही. बारीक छिद्रातून दाबाने उडणारं तेल कातडीच्या आत घुसतं.

रात्री जेवताना ताईने निकाल दिला, "मशीन मी चालवणार आहे. मला झेपेल तेच घेऊ."

घेतलं विजेवरचं, सात टनी. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने लिव्हर. दोन्ही दाबल्याशिवाय ते हलतच नाही आणि एक हात सोडला की थांबतं. म्हणजे दोन्ही हात आपोआप पाचरीपासून लांब. घरच्याच प्लगवर चालतं. फक्त वायर जाड आणि आखूड हवी, नाहीतर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. त्यांच्याकडे मेपल आणि अॅश, सोळा इंची, सरळ रेषांचे ओंडके. त्यांना सात टन पुरतात. एल्मचं लाकूड मात्र चिवट, रेषा एकमेकींत गुंतलेल्या. त्याच्यासाठी वर्षातून एक दिवस मोठं मशीन भाड्याने आणायचं आणि तेही एकाच माणसाने चालवायचं.

परवा ताईने फोटो पाठवला. ओसरीत छातीइतकी रास, शेजारी जीजू चहाचा कप घेऊन. मी विचारलं, "ते काय करतात मग?"

"रचतात," ती म्हणाली. "आणि मशीन चालू असताना दहा फूट लांब उभे राहतात. नवरा म्हणून एवढं खूप झालं!"

तेव्हा मंडळी, मिक्सर घ्या, ड्रिल घ्या नाहीतर लॉग स्प्लिटर. स्टिकर वाचायच्या आधी एक विचारा, हे रोज कोणाच्या हातात असणार आहे? आणि त्याच माणसाला दुकानात पुढे करा.