बारीक अंगाची साखर

परवा शाळेतून घरी आले तर भाची ओट्याशी उभी राहून चहा करीत होती. पुण्याला आहारशास्त्र शिकते ती. माझ्या हातातला कागद बघून म्हणाली, "मावशी, कुणाचा गं रिपोर्ट?" रिपोर्ट माझाच होता. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनंतरची साखर १७८! "अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात," असं डॉक्टर म्हणाले होते.

मैत्रिणींनो, माझं वजन ४८ किलो. लग्नातल्या शालूवरचं ब्लाऊज अजून अंगात येतं आणि त्याचा मला थोडा तोराही होता. मधुमेह म्हणजे खाऊनपिऊन सुखी, जाडजूड माणसाचं दुखणं, अशीच आपली समजूत. सासूबाई तर म्हणाल्या, "काडीसारखी तू, तुला कसली साखर? तपासणाऱ्याचंच चुकलं असेल."

भाचीनं मात्र नेमकं विचारलं, "धाकटीच्या वेळी दिवस असताना साखर निघाली होती ना? नंतर तपासलीस?" नव्हती तपासली. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं या, असं सांगितलं होतं. पण तान्ही पोर, थोरल्याचा ताप, बारशाचे पाहुणे... राहूनच गेलं. धाकटी आता सहा वर्षांची आहे.

संध्याकाळी तिनं डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या संशोधन-लेखांची यादी पुढ्यात ठेवली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षं मधुमेहावर काम केलं. यादी कसली, आपल्याच बायकांची कहाणी! १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. गरोदर राहण्यापूर्वी या बायकांचं सरासरी वजन किती, तर ४२ किलो. दिवस भरून जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदॅम्प्टनला तीच साडेतीन किलोची. आता गंमत बघा. आपल्या बाळांचे हातपाय, पोट, सगळं बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. वरून किडकिडीत आणि आतून लठ्ठ! २००३ साली हे छापून आलं.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी चक्क स्वतःचंच उदाहरण दिलं. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! युडकिन मॅरेथॉन पळायचे. आपला व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावणं, असं याज्ञिकांनीच मिस्किलपणे लिहिलंय. ते वाचून सासूबाईंनाही हसू आलं.

पण त्या खेड्यांतल्या मुलांचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सहाव्या वर्षी तपासलं, बाराव्या वर्षी तपासलं, अठराव्या वर्षी तपासलं. ज्यांची अठराव्या वर्षी साखर बिघडलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच इतरांहून जरा जास्त होती, आणि पोटात असताना त्यांची वाढही कमी झालेली होती. म्हातारपणचं म्हणून आपण जे दुखणं समजतो, त्याची सुरुवात कुठवर मागे जाते बघा.

आणि ताटाचं काय? ज्या बायकांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर असे, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. आपल्याकडे पालेभाजी स्वस्त, पण शेवटी जेवायला बसणारीच्या वाटणीला कढईच्या तळाचं पाणीच उरतं! पुढे २००८ च्या लेखात आणखी एक गोष्ट आली. आईच्या रक्तात फॉलिक अ‍ॅसिड भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर मुलांच्या अंगात सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट लागू पडत नसल्याची लक्षणं जास्त दिसली. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही. म्हणून फॉलिकची गोळी थांबवायची नाही हं! ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी हवीच. पण शाकाहारी असाल तर डॉक्टरांना बी-१२ चं आवर्जून विचारा.

घरात कुणाला दिवस गेले असतील तर पहिल्याच भेटीत साखर तपासून घ्या आणि सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा. साखर निघाली असेल तर बाळंतपणानंतर दीड महिन्यानं आणि मग दरवर्षी. माझ्यासारखं बारशाच्या गडबडीत विसरू नका.

आमच्याकडे आता दुधाचं पातेलं रिकामं व्हायच्या आत माझी वाटी बाजूला काढली जाते. धाकटीनंच हे काम मागून घेतलंय. सोमवारी माझी पुन्हा तपासणी आहे. सासूबाईही बरोबर येणार आहेत. पासष्ट वर्षांत त्यांनी एकदाही साखर तपासलेली नाही.