चूक लपली, की संसर्ग पसरतो

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, सायबर हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. भारतातील ज्या शहरांतून रक्कम निघाली, त्यात कोल्हापूरही होते. सोमवारी, १३ तारखेला, आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण फटका ९४ कोटींवर गेला. हल्ला पुण्यातल्या यंत्रणेवर आणि पैसे काढणारे हात कोल्हापुरात, असा हा प्रकार होता. अशा हल्ल्याला गावाची वेस नसते, हे तेव्हाच दिसले.

त्यानंतर कोरोना आला आणि कार्यालयाचीच वेस पुसली गेली. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे काम आज राजारामपुरीतल्या फ्लॅटमधून आणि गडहिंग्लजच्या घरातून चालते. गोकुळ शिरगावच्या कारखान्याचे हिशेबनीसही महिनाअखेरची कामे रात्री घरी बसून उरकतात. त्याच लॅपटॉपवर मुलांचे खेळ, त्याच वायफायवर पाहुण्यांचे मोबाइल. रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या दाराशी हात धुण्याचा नियम असतो, आत कोण जाणार हे ठरलेले असते. घरून चालणाऱ्या कार्यालयाला असे दारच उरलेले नाही.

याचे परिणाम मोठमोठ्या कंपन्यांनी भोगले आहेत. ग्राहकांचे पासवर्ड सांभाळणे हाच ‘लास्टपास’ या अमेरिकी कंपनीचा धंदा. २०२२ मध्ये चोरांनी तिच्या एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरचा संगणक गाठला. त्यावरील चित्रपट-गाणी पाहण्याच्या एका सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून ते आत शिरले, त्याने टाइप केलेला मुख्य पासवर्ड टिपला आणि तेथून कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचले. त्याआधी वर्षभर, मे २०२१ मध्ये, अमेरिकेतील ‘कलोनियल पाइपलाइन’ ही इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. तिथे दोष मालकाचा होता. बाहेरून काम करण्यासाठी दिलेले, पण वापरात नसलेले एक खाते बंद केलेले नव्हते आणि पासवर्डशिवाय दुसरी कोणतीही खातरजमा त्याला लागत नव्हती. एकीकडे घरातली ढिलाई, दुसरीकडे कंपनीची. जबाबदारी दोघांची आहे.

मात्र तंत्रज्ञानाइतकाच माणसाच्या मनाचा विचार हवा. फसव्या संदेशाचा भर भीती आणि घाई यांवर असतो. ‘खाते आजच बंद होईल’, ‘साहेबांना दहा मिनिटांत रक्कम हवी आहे’, ‘पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’. थकलेला, घाबरलेला मेंदू बारकावे तपासत नाही, सवयीने बोट चालवतो. रात्री अकरा वाजता पाठवलेल्या निरोपाला दोन मिनिटांत उत्तर मागणारा वरिष्ठ आपल्या माणसांना न तपासता क्लिक करण्याचीच सवय लावत असतो. पुरेशी झोप आणि कामाची ठरलेली वेळ हाही सुरक्षेचाच भाग आहे.

एवढे करूनही चूक होणारच. तिथे रुग्णालयातील एक जुना धडा उपयोगी पडतो. परिचारिकेला किंवा डॉक्टरला वापरलेली सुई टोचली, तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवायची आणि ताबडतोब कळवायचे, असा नियम आहे. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणून ‘सुई कशी टोचली?’ हा जाब आधी विचारायचा नसतो, आधी उपचार सुरू करायचे असतात. बोलणी बसतील या भीतीने टोचलेली सुई लपवली, तर जीव धोक्यात येतो.

चुकीच्या दुव्यावर पडलेले बोट ही अशीच टोचलेली सुई आहे. नोकरी जाईल या धाकाने कर्मचारी रात्रभर गप्प बसला, तर चोराला रात्रभर मोकळे रान मिळते. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवणे २०२२ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे. पण कर्मचारीच बोलला नाही, तर कंपनीला कळणार कधी?

शंका येताच इंटरनेट तोडावे, कार्यालयाला फोन करावा आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते. एरवीही कामाचा लॅपटॉप घरच्यांना देऊ नये आणि सॉफ्टवेअरची अद्ययावतीकरणे पुढे ढकलू नयेत. खाते क्रमांक बदलल्याचा ई-मेल आल्यास आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

मालकांनी कामासाठी वेगळा संगणक द्यावा, प्रत्येक खात्याला दुहेरी खातरजमा लावावी, नोकरी सोडलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे आणि माहितीची एक प्रत इंटरनेटपासून तोडून ठेवावी. रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक माणूसही नेमावा. आणि एक वाक्य लेखी द्यावे: जो स्वतःहून लगेच कळवेल, त्याला शिक्षा होणार नाही. या वाक्याला पैसे पडत नाहीत. छोट्या पतसंस्थेला आणि दहा माणसांच्या कारखान्यालाही ते उद्याच देता येईल.