शोधण्याची विद्या

ज्या उज्जयिनीत सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा शिंदे सरकारच्या आश्रयाने १९२३ मध्ये दुरुस्त होऊन गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली पुन्हा कार्यरत झाली, आणि ज्या उज्जयिनीत राहून विष्णू श्रीधर वाकणकरांनी भीमबेटकाच्या चित्रगुंफा जगापुढे आणल्या, त्या नगरीतील आजच्या विद्यार्थ्यास आपल्या विषयावरील प्रमाणभूत शोधनिबंध कसा हुडकावा हे कोणी शिकवीत नसेल, तर ती उणीव त्याची नसून आपल्या शिक्षणव्यवस्थेची आहे.

साधने नाहीत, ही सबब आता पूर्वीसारखी टिकणारी नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली; २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत खुली करण्याची तजवीज करण्यात आली. ज्यांची वर्गणी भरणे जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास केवळ अशक्य होते, अशी नियतकालिके आता तेथील विद्यार्थ्याला वाचता येऊ शकतात. परंतु खजिन्यातून रक्कम खर्ची पडल्याने विद्या आपोआप पदरात पडत नाही.

उदाहरण उज्जैनच्या परिसरातलेच घेऊ. शहराच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर, छोट्या कालीसिंध नदीच्या काठी कायथा हे गाव आहे. वाकणकरांनी १९६५-६६ मध्ये तेथे उत्खनन केले. १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे झै. दा. अन्सारी आणि म. के. धवळीकर यांनी ते काम पुढे नेले, आणि ताम्रपाषाणयुगाच्या इतिहासात या गावाच्या नावाची एक संस्कृती दाखल झाली. या संस्कृतीचा काळ जुन्या पुस्तकांत इ. स. पू. २००० ते १८०० असा दिलेला आढळतो, तर नंतरच्या लेखनात तो इ. स. पू. २४०० ते २००० असा दिसतो. वृक्षवलयांच्या आधारे कार्बन-कालमापनाची कच्ची वर्षे दुरुस्त करण्याची रीत रूढ झाल्यावर हा फरक पडला. ज्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ जुने पुस्तक किंवा परीक्षेची टिपणे आहेत, तो पहिलाच आकडा निःशंकपणे उतरवून घेतो. नंतरचे शोधनिबंध वाचणाऱ्याला मात्र आकडा का बदलला आणि तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे दोन्ही कळते.

ते निबंध सापडावेत कसे? सर्वसाधारण शोधयंत्रात गावाचे नाव टाकणाऱ्यास पर्यटनाची माहिती, वृत्तपत्रीय मजकूर आणि शास्त्रीय लेखन एकाच यादीत मिळते. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये जाऊन जो गावाच्या नावाची रोमन लिपीतील निरनिराळी रूपे ‘ऑर’ने जोडतो, त्यांपुढे ‘अँड’ देऊन ‘कॅल्कोलिथिक’ हा शब्द लिहितो, दोन शब्दांची संज्ञा अवतरणचिन्हांत बसवतो आणि ‘पिअर-रिव्ह्यूड’ या चौकटीवर खूण करतो, त्याच्यापुढे वाचता येण्याजोगी, आवाक्यातली यादी येते. त्या यादीतील एका चांगल्या निबंधाच्या तळटिपा त्याला आधीच्या लेखनाकडे नेतात, आणि तोच निबंध पुढे कोणी आधारास घेतला याची नोंद त्याला नंतरच्या लेखनाकडे नेते. अठराव्या शतकाअखेरच्या इंग्रजी प्रवासवृत्तांतात उज्जैनचेही नाव आजच्याहून वेगळ्या वर्णांनी लिहिले आहे. ते रूप ठाऊक नसेल तर समोर असलेला दस्तऐवजही दिसत नाही.

‘पिअर-रिव्ह्यूड’च्या चौकटीवर विसंबून मात्र चालणार नाही. ती खूण नियतकालिकाला लागू असते, त्यातील प्रत्येक मजकुराला नव्हे; त्यामुळे संपादकीये आणि ग्रंथपरीक्षणेही यादीत येतात. शिवाय तज्ज्ञांनी तपासलेला निबंध निर्दोष असतोच असे नाही. त्या विषयातील जाणत्यांनी प्रकाशनापूर्वी त्याची शहानिशा केली, आक्षेप घेतले आणि लेखकाला उत्तर द्यावे लागले, एवढीच त्याची हमी. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या सुळसुळाटात ही हमीही मौल्यवान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे जो विवेक काल एका यादीकडून उसना घेता येत होता, तो आज प्राध्यापकाच्या आणि विद्यार्थ्याच्या ठायी असला पाहिजे.

हा विवेक संगणकासमोर एकट्या बसलेल्या मुलाला आपोआप येत नाही. उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तो अभ्यासकांच्या उपयोगी पडला, कारण सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्यासारखे विद्वान तेथे संग्रहपाल होते आणि कोणत्या पोथीत काय आहे हे त्यांना ठाऊक होते. पोथ्यांना जर असा जाणता लागतो, तर तेरा हजार नियतकालिकांना तो लागणार नाही काय? म्हणून प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद भरलेले असावे, त्या पदाला अध्यापकाची प्रतिष्ठा असावी, आणि पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या सत्रात निबंध शोधण्याचे व पारखण्याचे शिक्षण, स्वतःच्या विषयावर प्रत्यक्ष शोध करवून, सक्तीने दिले जावे. नव्या इमारतीपेक्षा यास खर्च पुष्कळच कमी येईल.

आणखी एक मागणी आहे. विद्यापीठाच्या पटावर ज्याचे नाव नाही, त्या अभ्यासकाला ही वर्गणीची नियतकालिके आज बंद आहेत. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहातील प्रबंध कोणालाही वाचता येतात, मुक्त नियतकालिकेही आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला. असे अभ्यासक गावोगावी आजही आहेत, आणि ज्या नियतकालिकांची किंमत प्रजेच्या करातून भरली जाते ती त्यांना जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचता यावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. २०२७ नंतर या योजनेचा पुढील करार होईल, तेव्हा जिल्हा ग्रंथालयांचा समावेश त्यात झाला पाहिजे, आणि त्यासाठी उज्जैनसारख्या नगरांनी आजपासूनच आग्रह धरला पाहिजे.