औषध मोफत, पण ते घ्यायचे कुठे?

लिव्हरचा जुना आजार असलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जी चिठ्ठी मिळते, ती एकदा नीट वाचून पाहावी. तिच्यात ‘घर’ हा शब्द कुठेही नसतो. पण घर गृहीत धरल्याशिवाय तिच्यातले एकही औषध चालत नाही.

सिरॉसिस झालेले यकृत निकामी होऊ लागले की रक्तातले अमोनियासारखे विष मेंदूपर्यंत जाते. ते शौचावाटे बाहेर पडावे म्हणून लॅक्टुलोज हे पातळ औषध देतात. दिवसातून दोन-तीन वेळा पातळ शौचास झाली तरच त्याचा उपयोग. पोटात पाणी साचले तर लघवीच्या गोळ्या. आता आम्ही विचारतो, फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाने ही औषधे घेऊन जायचे कुठे? सुलभ शौचालयाला दरवेळी पैसे, आणि रात्री अनेक ठिकाणी कुलूप. बाईमाणसाचे हाल तर विचारूच नयेत. शेवटी रुग्ण औषधच बंद करतो आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाही.’ म्हणजे गुन्हेगार पुन्हा गरीबच!

पथ्याचेही तेच. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायचेच. वडापाव आणि कुणी वाटलेली खिचडी यांवर जगणाऱ्याने मीठ कमी घाला म्हणून कुणाला सांगायचे? त्यात पालिकेची गाडी येते, बोचके उचलून नेते. त्या बोचक्यात गोळ्या असतात, केसपेपर असतो, आधार कार्डही असते.

सर्वांत भयंकर गोष्ट वेगळीच आहे. विष मेंदूत चढले की माणूस बरळतो, तोल जातो, दिवसा झोपतो. घरात असता तर बायकापोरांनी ओळखून दवाखान्यात नेला असता. रस्त्यावर तो ‘प्यालेला’ ठरतो. लोक वळसा घालून जातात, शिपाई काठीने ढोसतो. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षाप्रतिबंधक कायदा आहेच. त्याखाली रुग्णाला कोठडी मिळू शकते, खाट नाही. याच कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती रद्द केली.

‘दारू पिऊन लिव्हर घालवले, त्याला सरकार काय करणार?’ असे शहाजोगपणे विचारणारे पुष्कळ आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी यांनीही यकृत सडते, हे त्यांना ठाऊक नसते. आणि दारूनेच सडले असले तरी काय? घटनेच्या कलम ४७ मध्ये लोकांचे पोषण व आरोग्य सुधारणे आणि दारूबंदी ही दोन्ही कर्तव्ये राज्यावर एकत्रच टाकलेली आहेत. दारूचा महसूल गोळा करणाऱ्या सरकारला पिणाऱ्याचे यकृत परके कसे?

२०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसची औषधे मोफत आहेत. सी प्रकारचा आजार बहुतेकांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण १२ आठवडे गोळ्या ठेवायच्या कुठे? राज्याची जनआरोग्य योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तिथेही शिधापत्रिका नाही तर अधिवासाचा दाखला लागतो. ज्याला अधिवासच नाही त्याने दाखला आणायचा कुठून?

म्हणून निवारा ही दया नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात सांगितले. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. २०१० साली त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत बेघरांसाठी बारमाही निवारे उभारायला सांगितले आणि शहरी उपजीविका अभियानाने दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा हे प्रमाण ठरवले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्ड ऑफिसात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. किती निवारे आहेत, एवढेच विचारून थांबू नये. दिवसा त्यात थांबू देतात का, शौचालय रात्रभर उघडे असते का, रुग्णालयातून सोडलेल्या आजारी माणसाला घेतात का आणि निवाऱ्याचा पत्ता दाखल्यासाठी चालतो का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. उत्तरे आली की पुढचे कोर्टात बघू.